दुपारी नापास होणारे यंत्र

एका मे महिन्यात, परभणीत पारा ४३ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना, माझ्या घरातल्या एका लहानशा यंत्रावर एका मुक्त स्रोत लायब्ररीची (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या, सर्वांना खुल्या कोडच्या संग्रहाची) एकच चाचणी वरचेवर नापास होऊ लागली. सकाळी ती पास होत असे, रात्रीही पास होत असे, आणि भर दुपारी मात्र मधूनच अर्ध्यावर कोसळत असे. मी नेहमीप्रमाणे संपूर्ण लॉग, कंपायलरची (कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाची) आणि कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती, नापास झालेल्या फेऱ्यांच्या वेळा असे सगळे व्यवस्थित जोडून प्रकल्पाच्या लोकांकडे पाठवले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. जर्मनीत राहणाऱ्या एका अनुभवी प्रोग्रामरने अत्यंत सौजन्याने, पण दोनच ओळींत विचारले होते, की तुमच्याकडचे तापमान पाहता हा हार्डवेअरचा दोष असू शकेल का. प्रश्न रास्त होता. त्याच्या जागी मी असते तर मीही आधी तेच विचारले असते. तरीही ते वाक्य स्वयंपाक करताना, दुपारी पडदे ओढून आडवे होताना, रात्री गच्चीवर अंथरूण टाकताना मनात येतच राहिले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले, आणि त्या दोन ठिकाणी बसलेली माणसे खरोखरच एकाच कामावर आहेत याचे मला पहिल्यापासून अप्रूप वाटत आले आहे. म्हणूनच तिथून आलेली शंका जरा जास्त लागली असावी.

या यंत्राला दुसरे काही कामच नाही. ते साक्ष देते. ती साक्षच ग्राह्य धरली जाणार नसेल, तर ते चालू ठेवण्याला काय अर्थ उरतो?

यंत्र म्हणजे तळहातावर मावेल असा एक बोर्ड आहे. रिस्क-व्ही या खुल्या पद्धतीचा चार कोरचा प्रोसेसर, आठ जीबी मेमरी, बाजूला एक एसएसडी आणि वर बसवलेला छोटा पंखा. आमच्या घराचा मागचा भाग अजून जुन्या माळवदाचा आहे. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात पूर्वी मुले बसून अभ्यास करत. तिथे बळदाला लागून एक अंधारी खोली आहे. ज्वारीत घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास तिथून इतक्या वर्षांनीही पुरता गेलेला नाही. घरातली सर्वांत थंड जागा तीच, म्हणून बोर्ड तिथे ठेवला आहे. इन्व्हर्टरची एक तार तिथवर नेली आहे. दार उघडले की आधी पंख्याची बारीक, चढ्या सुरातली घरघर ऐकू येते. ती चढलेली असेल तर कंपाइल चालू आहे आणि उतरलेली असेल तर चाचण्या चालू आहेत, एवढे आता स्क्रीनकडे न पाहताही कळते. दर काही तासांनी ते यंत्र प्रकल्पाच्या सर्व्हरकडे नव्या कोडची चौकशी करते, बदल झालेला असला तर तो उतरवून घेते, सगळे पहिल्यापासून बांधते, शेकडो चाचण्या ओळीने चालवते आणि निकाल परत पाठवते. एखाद्या नव्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत उरकणारे हे काम इथे अर्धा दिवस खाते.

असे काम करणारी यंत्रे जगभर लोकांच्या घरांत, महाविद्यालयांत, कार्यालयांच्या कोपऱ्यांत आहेत. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची बिल्डफार्म २००४ सालापासून चालू आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक यंत्राला एखाद्या प्राण्याचे नाव दिले जाते. यंत्र ज्याचे त्याच्याकडेच राहते. मालक एक स्क्रिप्ट बसवतो, ती आपापल्या वेळेला चालते आणि निकाल मध्यवर्ती ठिकाणी जमा होतात. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार प्रोग्राम, बांधणाऱ्या यंत्रांना बिल्डडी म्हणतात. ती व्यवस्था मूळ मोटोरोला ६८००० मालिकेच्या प्रोसेसरांसाठी झटणाऱ्या मंडळींच्या गरजेतून उभी राहिली, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले होते. त्यांची यंत्रे इतकी मंद होती की हाताने एकेक पॅकेज बांधणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी रांग लावणारी आणि काम वाटून देणारी व्यवस्था लिहिली, आणि पुढे तिच्यावर सगळे डेबियन बांधले जाऊ लागले. सर्वांत हळू यंत्रे असलेल्या लोकांनी सर्वांसाठी केलेले ते काम आहे. याखेरीज कंपाइल फार्म नावाचा एक उपक्रम आहे. तिथे पॉवर, स्पार्क, मिप्स, रिस्क-व्ही अशा नाना प्रकारच्या प्रोसेसरांच्या यंत्रांवर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना खाते मिळते. ज्याने आयुष्यात असे यंत्र पाहिलेले नाही, त्यालाही तिथे लॉगिन करून आपला प्रोग्राम चालवून बघता येतो.

मला नेहमी विचारले जाते, की जगातले जवळपास सगळे लोक दोन प्रकारचे प्रोसेसर (इंटेल-एएमडीचे आणि फोनमधले आर्म) वापरतात, तर बाकीच्यांवर एवढा वेळ का घालवायचा? या प्रश्नाचे माझे उत्तर कधीच त्या यंत्रांच्या मालकांपासून सुरू होत नाही. ते सुरू होते सी भाषेतल्या एका अगदी साध्या चुकीपासून. फाइलमधून एकेक अक्षर वाचणारा फेरा (लूप) लिहिताना अनेक जण वाचलेली किंमत ‘कॅर’ प्रकारच्या चलात ठेवतात आणि ती उणे एक झाली की फाइल संपली असे समजतात. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर ‘कॅर’ हा चिन्हासहित, म्हणजे उणे संख्याही मावणारा असतो, त्यामुळे हे चालून जाते. लिनक्सवरच्या आर्म, पॉवर आणि माझ्या रिस्क-व्ही बोर्डावर तो चिन्हाविना असतो. उणे एकची २५५ होते, ती उणे एकशी कधीच जुळत नाही आणि फेरा अनंत काळ फिरत राहतो. आता खरी गोष्ट अशी, की चूक इंटेलवरही असतेच. तिथे फाइलमध्ये २५५ हा बाइट मध्येच आला, तर प्रोग्राम फाइल संपली असे मानून निम्म्यातच थांबतो आणि उरलेला मजकूर मुकाट्याने गमावतो. सामान्य इंग्रजी मजकुरात तो बाइट येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. माझे यंत्र जागच्या जागी अडकून बसते, आणि म्हणून ती चूक सापडते. जिचा उपद्रव दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर शांतपणे चालू होता, ती चूक माझ्या यंत्रावर आरडाओरडा करते.

असेच संख्यांच्या बाइटांच्या क्रमाचे आहे. आपल्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये संख्येचा लहान भाग आधी ठेवला जातो. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये मोठा भाग आधी असतो. ही दूरची गोष्ट वाटते. पण आपण फोनवर ‘क्षेत्रज्ञ’ हा शब्द वाचतो, तेव्हा कोणते अक्षर कशाला जोडून कोणती आकृती काढायची याचे तक्ते फॉन्टच्या फाइलमध्ये असतात आणि ओपनटाइप फॉन्टमधल्या सगळ्या संख्या मोठा भाग आधी अशाच लिहिलेल्या असतात. म्हणजे मराठीचे एकेक जोडाक्षर पडद्यावर येताना संख्यांची उलटापालट होतच असते. ज्याने ती उलटापालट विचारपूर्वक लिहिली, त्याचा प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर बरोबर चालतो. ज्याचे गणित योगायोगाने जमून गेले, त्याचा एकाच प्रकारावर चालतो. हा फरक कळण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे यंत्र चालू असावे लागते, आणि तशी चालू असलेली यंत्रे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. तसेच स्पार्कवर चार बाइटांची संख्या मेमरीतल्या आडनिड्या, म्हणजे चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचायला गेले की प्रोग्राम तिथेच मरतो. इंटेलवर ते निभते, आणि मग एखादी नवी कंपायलर आवृत्ती तोच कोड अधिक वेगवान करायला जाते तेव्हा इंटेलवरही मरतो. स्पार्कने ते आधीच सांगितलेले असते.

मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते त्या ‘पानां’च्या आकाराचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. मेमरी चार केबीच्या पानांतच वाटली जाते असे गृहीत धरून कित्येक प्रोग्राम लिहिले गेले. पॉवरच्या यंत्रांवर ६४ केबीची पाने वापरात होती, आणि तिथून तक्रार आली की बहुतेक प्रकल्प ती सवडीने बघू म्हणून बाजूला ठेवत. पुढे ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर १६ केबीची पाने घेऊन आले. नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी येणाऱ्या नव्या ॲपना १६ केबीची पाने चालणे बंधनकारक केले. ज्या प्रकल्पांनी त्या जुन्या तक्रारी मनावर घेऊन गृहीतक काढून टाकले होते, त्यांना त्या दिवशी काहीच करावे लागले नाही.

हे सगळे मला पुस्तकातून समजले, पण पटले ते अण्णांमुळे. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कामाला होते. तुरीच्या किंवा कापसाच्या नव्या वाणाच्या चाचण्या असत, तेव्हा ते सकाळी लवकर निघत आणि रोपांची उंची, फुलोऱ्याची तारीख, मर लागलेल्या झाडांची संख्या अशा नोंदी पेन्सिलीने वहीत घेत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जात असे. काळ्या भारी जमिनीतली ओळ हिरवीगार आणि मुरमाड हलक्या जमिनीतली तीच ओळ माना टाकलेली, हे मी त्या वयात पाहिले आहे. बदनापूरच्या केंद्रातून आलेली बी.एस.एम.आर. ७३६ किंवा बी.डी.एन. ७११ ही तुरीची नावे आमच्या घरी नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. एकदा मी त्यांना विचारले होते, की परभणीत चांगली आली म्हटल्यावर पुन्हा बदनापूरला, अंबाजोगाईला कशाला पेरायची? ते म्हणाले, “इथं आली ती आपल्या जमिनीच्या जोरावर आली का स्वतःच्या, ते इथं बसून कसं कळायचं?” बोर्डावरच्या चाचण्यांचे कारण याहून सोप्या शब्दांत मला कोणालाही सांगता आलेले नाही. सॉफ्टवेअर एका प्रोसेसरवर चालले, तर ते त्याच्या स्वतःच्या जोरावर चालले की त्या प्रोसेसरने सांभाळून घेतले, हे तिथेच बसून कळत नाही. आणि वाणांच्या चाचणीत हलक्या जमिनीची नोंद कोणी ‘तुमची जमीनच वाईट’ म्हणून खोडत नसे, हेही मला त्या दिवसांत वारंवार आठवत राहिले.

मात्र विजेचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मराठवाड्यात राहून जाळलेल्या प्रत्येक युनिटचा विचार करावाच लागतो. आमच्या काकांच्या शेतावर पंपाला वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की ते बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या अंधारात, पाणी द्यायला बांधावर जातात. डीपी जळाली तर उभे पीक डोळ्यांदेखत सुकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मी लातूरला नोकरीला होते. हंड्यांच्या रांगा, टँकरच्या मागे धावणारी मुले आणि भांडी घासलेले पाणी झाडांना घालण्याची तेव्हा लागलेली सवय हे सगळे माझ्या अंगात मुरलेले आहे. अशा मुलखात, जगात मोजके लोक वापरत असलेल्या प्रोसेसरवर दुसऱ्याच कोणाचा प्रोग्राम दिवसरात्र बांधत बसणे ही चैन तर नाही ना, असे मला अनेकदा वाटते. बोर्ड दहा वॉटसुद्धा घेत नाही, पंख्याच्या तुलनेत ते काहीच नाही, हे मी स्वतःला सांगते. पण प्रश्न फक्त वॉटचा नसतो. ओपनबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पालाही विजेच्या या प्रश्नातून जावे लागले. ते लोक प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठीची प्रणाली त्या त्या खऱ्या यंत्रावरच बांधतात. कॅनडातल्या कॅल्गरीमध्ये त्यांची जुनी-नवी यंत्रे ओळीने चालू असतात. जानेवारी २०१४ मध्ये वर्षाच्या वीजबिलाचे सुमारे २० हजार डॉलर उभे राहत नाहीत म्हणून तो प्रकल्प बंद पडण्याची वेळ आली होती. पैसे शेवटी जमले. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या ज्या ओपनएसएसएचवर जगातले बहुतेक सर्व्हर सांभाळले जातात, ते लिहिणारी हीच मंडळी. त्यांचे वीजबिल भरताना जगाला एवढा विचार करावा लागला, हे मला आजही खटकते.

दुपारची ती चाचणी नापास होत होती त्या काळात अनेकांनी, ज्यांत दोन-तीन मित्रही होते, मला एमुलेटर वापरण्याचा सल्ला दिला. क्यूईएमयू नावाचा उत्तम प्रोग्राम आहे. तो साध्या लॅपटॉपवर रिस्क-व्ही, मिप्स, स्पार्क अशी हवी ती यंत्रे उभी करतो. मी तो रोज वापरते आणि त्याच्या कर्त्यांविषयी मला अतिशय आदर आहे. पण दुपारच्या त्या चाचणीच्या बाबतीत जर्मनीतल्या प्रोग्रामरने क्यूईएमयूवर तीच चाचणी वारंवार चालवली आणि ती प्रत्येक वेळी पास झाली, याने काहीच सिद्ध होत नव्हते. एमुलेटर सूचना बरोबर पाळतो. खऱ्या चिपचे वेळेचे वागणे, दोन कोरांना मेमरीतले बदल कोणत्या क्रमाने दिसतात ते, तापल्यावर चिप स्वतःचा वेग कमी करते ते, हे त्याच्यात उतरत नाही. इंटेलच्या यंत्रावर चालणारा एमुलेटर इंटेलची काटेकोर शिस्तही नकळत आत घेऊन येतो, आणि जी चूक त्या शिस्तीच्या अभावी उघडी पडायची, ती झाकली जाते.

वेग कमी होणे, हाच धागा मला शेवटी उपयोगी पडला.

दुपारी खोलीत ऊब साचली की बोर्डाचा प्रोसेसर आपला वेग उतरवतो, हे मला माहीत होते. म्हणजे दुपारी दोन गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या: उष्णता वाढत होती आणि यंत्र मंदावत होते. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय कोणालाच काही ठामपणे म्हणता आले नसते. मेमरीची तपासणी आधी रात्रभर लावून ठेवली. ती निर्दोष निघाली. मग मी एका पहाटे उठले. खोली गार होती, बाहेर कोणाच्या तरी अंगणात सडा पडत होता आणि ओल्या मातीचा वास भिंतीच्या फटीतून आत येत होता. प्रोसेसरचा वेग मी सर्वांत खालच्या पायरीवर बांधून टाकला आणि ती एकच चाचणी फेऱ्यांमागून फेऱ्या चालवली. ती नापास झाली. यंत्र थंडगार होते आणि चाचणी अगदी दुपारसारखीच, त्याच ठिकाणी, तशीच कोसळली होती. मी मुद्दाम प्रोसेसरवर हात लावून पाहिला. त्याची उष्णता काढून घेणारा पत्र्याचा हीट सिंक हाताला गारच लागला. त्या वेळी मला जो आनंद झाला, तो कोणाला कितपत समजेल हे मला सांगता येत नाही. एखाद्या प्रोग्रामचे नापास होणे इतके सुखाचे असू शकते, असे मला तोपर्यंत वाटले नव्हते.

हा प्रयोग लिहून पाठवल्यावर मात्र सगळे बदलले. प्रकल्पातल्या दुसऱ्या एका सदस्याने कंपाइल फार्मवरच्या एका पॉवर यंत्रावर, कोडमध्ये योग्य ठिकाणी क्षणभराची विश्रांती घालून, हुबेहूब तेच अपयश मिळवले. मग कारण सापडायला वेळ लागला नाही. प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक ‘धागे’ (थ्रेड), म्हणजे समांतर कामे चालतात. त्यांतला मुख्य धागा एक तक्ता भरत असे आणि त्याच वेळी मदतनीस धागे सुरू करत असे. मदतनीस कामाला लागेपर्यंत तक्ता भरलेला असणारच, असे गृहीत होते. वेगवान यंत्रांवर तो नेहमी भरलेला असे. मंदावलेल्या माझ्या बोर्डावर मधूनच एखादा मदतनीस आधी पोहोचायचा आणि अर्ध्या भरलेल्या तक्त्यातून वाचायचा. म्हणजे दोष चाचणीचाही नव्हता. तो लायब्ररीचाच होता, आणि कामाचा फार ताण आलेल्या कोणत्याही मोठ्या सर्व्हरवर, भर थंडीतही, तो उद्भवू शकत होता. दुरुस्तीचा पॅच काही ओळींचा होता. जर्मनीतल्या त्या प्रोग्रामरने मला आवर्जून लिहिले, की या बोर्डाचे मंद असणे ही त्याची उपयुक्तता आहे हे आता त्याच्या ध्यानात आले आहे, आणि तो वेग कायमचा खाली बांधून एक वेगळी फेरी रोज चालवता येईल का, असेही त्याने विचारले. तशी फेरी आता चालू आहे. त्याच्या पहिल्या शंकेचा सल माझ्या मनातून गेला. पुरावा मागणे हा त्याचा हक्क होता, आणि पुरावा देता यावा इतके यंत्र ओळखून असणे हे माझे काम होते.

याच कारणाने, एखाद्या जुन्या प्रोसेसरचा आधार प्रकल्प काढून टाकतात तेव्हा माझे मन दोन्ही बाजूंनी ओढले जाते. इटॅनियम हा इंटेल आणि एचपी यांच्या पाठबळाने २००१ मध्ये आलेला प्रोसेसर. जानेवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.७ आवृत्तीतून तो बाहेर गेला, कारण त्याची काळजी घेणारे कोणी उरले नव्हते. मोटोरोला ६८००० हा १९७९चा. तो मात्र अजून कर्नलमध्ये आहे, कारण त्याच्यामागे चिवट हौशी माणसे आहेत. कंपन्यांच्या पैशापेक्षा माणसांची आस्था जास्त टिकली, याचे मला मनापासून कौतुक आहे. पण २०२५च्या ऑक्टोबरअखेर डेबियनच्या एपीटीमध्ये, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लवकरात लवकर पुढच्या मे महिन्यापासून रस्ट ही मेमरीच्या चुका टाळणारी भाषा अनिवार्य होणार असल्याचे जाहीर झाले, आणि ज्या पोर्टवर (एकेका प्रोसेसरसाठीच्या डेबियनच्या रूपावर) रस्ट नीट चालत नाही त्यांनी सहा महिन्यांत सोय करावी किंवा गाशा गुंडाळावा असे सांगितले गेले. अल्फा, पीए-रिस्क, सुपरएच, ६८००० या सगळ्या जुन्या प्रोसेसरांपुढे तो प्रश्न उभा राहिला. मला त्या लोकांसाठी वाईट वाटले. आणि तरी, काही मोजक्या यंत्रांसाठी लाखो लोकांच्या सुरक्षिततेची सुधारणा अडवून ठेवावी, असे मला म्हणवत नाही. माझे मत असे आहे, की यंत्राच्या वयावरून किंवा वापरणाऱ्यांच्या संख्येवरून निर्णय होऊ नये. त्या यंत्राच्या बाजूने उत्तर देणारे माणूस आहे का, यावरून व्हावा. लॉग वाचणारे, पॅच तपासणारे, विचारलेल्या प्रश्नाला आठवडाभरात उत्तर देणारे एक माणूस असेल, तर त्या यंत्राला जागा मिळाली पाहिजे. नुसता निकाल पाठवत राहणारे आणि ज्याच्या मालकाचा पत्ता नाही असे यंत्र प्रकल्पाला भारच असते.

रिस्क-व्हीचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला, आणि त्यात अशा माणसांचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालेली ती पद्धत अनेक वर्षे डेबियनच्या अनधिकृत पोर्टांमध्ये होती. २०२३ मध्ये ती अधिकृत संग्रहात आली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ बाहेर पडले तेव्हा प्रथमच स्थिर आवृत्तीचा भाग झाली. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्या देशातले प्रोसेसरही याच पद्धतीचे आहेत. उद्या त्यांतला एखादा तालुक्याच्या कार्यालयात किंवा शेतातल्या पंपाच्या नियंत्रकात बसला, तर त्याच्यावर चालणारे सॉफ्टवेअर आयत्या वेळी तपासून भागणार नाही. ते आजपासून, कोणाला गरज वाटत नसताना, तपासलेले असावे लागेल.

सध्या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे येते. बोर्डाची खोली पाहिल्यापासून तिला स्वतःचे एक यंत्र सुरू करायचे आहे. ती म्हणाली, “मॅडम, माझ्याकडेही रिस्क-व्हीच घेऊ का?” मी तिला मोठा भाग आधी ठेवणारे काहीतरी घे म्हटले, कारण त्या प्रकारची यंत्रे आमच्या प्रकल्पात फार कमी उरली आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांचा पडून असलेला जुना आयबुक जी४ द्यायचे कबूल केले आहे. त्यातला पॉवरपीसी प्रोसेसर नेमका त्या प्रकारचा आहे, आणि डेबियनचे ३२-बिट पॉवरपीसीचे अनधिकृत पोर्ट त्याच्यावर चालायला हवे. तिला मी तीन गोष्टी कबूल करायला लावल्या आहेत: लॉग रोज वाचायचा, कोणी काही विचारले तर उत्तर द्यायचे, आणि यंत्र बंद करायची वेळ आली तर आधी कळवायचे. परीक्षेच्या दिवसांत ते मी सांभाळणार आहे. तिच्या खोलीवर इन्व्हर्टर नाही, म्हणून लाईट गेल्यावर अर्धवट राहिलेली फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारी स्क्रिप्ट आम्ही दोघी लिहीत आहोत. बॅटरी पूर्ण गेलेली आहे आणि मूळ अडॅप्टर सापडत नाही. साडेचोवीस व्होल्टांचा, त्या लॅपटॉपचा चालू स्थितीतला अडॅप्टर मराठवाड्यात कोणाकडे पडून असेल, तर तो आम्हाला हवा आहे.